वन्यप्राण्यांची संख्या वर-खाली होते तेव्हा आत काय बदलतं? किती उरले आणि कोण उरले

माळरान

गणनेचा नवा आकडा आला की वाढ झाली म्हणून आनंद होतो किंवा घट झाली म्हणून घबराट. त्या आकड्याच्या पोटात कोण आहे, याची चौकशी सहसा होत नाही. माद्या किती, पिल्लं किती, म्हातारे किती, मोठ्या हाडाचे किती? हा धागा त्यासाठीच काढतो आहे. संख्येचे चढउतार हा परिसंस्थेचा विषय आणि उत्क्रांती हा लाखो वर्षांचा विषय, अशी वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. ती मोडायला हवी असं माझं ठाम मत आहे. दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यात, एकाच कळपात घडतात.

सुरुवातीला सोए मेंढ्या घेऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा द्वीपसमूहात हिर्टा नावाचं बेट आहे. १९३० साली तिथली माणसं बेट सोडून गेली आणि १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या इथे आणून सोडल्या. तेव्हापासून त्यांना ना मेंढपाळ आहे, ना वरचा चारा, ना औषधपाणी, ना लांडगा. १९८५ पासून बेटाच्या एका भागातल्या जवळजवळ प्रत्येक मेंढीची जन्मापासून मरेपर्यंत नोंद आहे. कोकरू जन्मल्यावर काही दिवसांतच कानात बिल्ला लावतात, ऑगस्टमध्ये धरून वजन आणि मागच्या पायाची लांबी मोजतात आणि हिवाळा सरताना पडलेले सांगाडे शोधून बिल्ल्यावरून ओळख पटवतात.

या बेटावर संख्या ६०० च्या आसपासपासून २००० च्या वरपर्यंत झोके घेते. एखाद्या वाईट हिवाळ्यात निम्म्याहून जास्त मेंढ्या मरतात. कारण साधं आहे. उन्हाळ्यात गवत भरपूर असतं, मादी पहिल्याच वर्षी गाभण राहू शकते आणि काहींना जुळी होतात. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर कळप हिवाळी गवताच्या कुवतीपलीकडे गेलेला असतो. मधे लगाम घालणारं कोणी नाही. शिवाय उपाशी पोटात जंत माजतात आणि उरलेसुरले बळ काढून घेतात.

आता यातली मेख बघा. कळप तेवढाच आणि वादळं तेवढीच असूनही दोन वर्षांतला मृत्यूचा आकडा अगदी वेगळा येऊ शकतो. कळपात कोकरं आणि नर जास्त असतील तर पडझड मोठी होते, कारण नर नोव्हेंबरच्या माजात चरबी जाळून बसलेले असतात आणि कोकरांकडे साठा कमी असतो. तरण्या माद्या जास्त असतील तर तोच हिवाळा निभावतो. नुसत्या एकूण आकड्यावरून अंदाज बांधणारा इथे हमखास चुकतो.

सांजवेळ

छान विषय. एक प्राथमिक शंका. चांगली आणि वाईट वर्षं सरासरीत सारखीच येत असतील, म्हणजे सरासरी वाढ १ च्या थोडी वर असेल, तर संख्या दीर्घकाळात टिकायलाच हवी ना? मग वातावरण 'लहरी' झालं एवढ्यानेच धोका कसा वाढतो?

अंकगणिती

@सांजवेळ, टिकायला हवी असं वाटतं, पण टिकत नाही. आकडे मांडून बघा.

समजा चांगल्या वर्षी संख्या १.५ पट होते आणि वाईट वर्षी ०.६ पट. बेरजेची सरासरी १.०५, म्हणजे दरसाल ५ टक्के वाढ दिसते. पण संख्या बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. १.५ × ०.६ = ०.९. म्हणजे दर दोन वर्षांनी कळप दहा टक्क्यांनी घटतो. १००० पासून सुरुवात केली तर पाच चांगल्या आणि पाच वाईट वर्षांनंतर सुमारे ५९० उरतात. वर्षांचा क्रम कसाही लावा, उत्तर तेच.

आता झोका कमी करा: चांगलं वर्ष १.२, वाईट ०.९. बेरजेची सरासरी तीच १.०५. पण गुणाकार १.०८ येतो आणि दहा वर्षांत १००० चे सुमारे १४६९ होतात. सरासरी हवामान जागच्या जागी राहून फक्त चढउतार वाढले, तरी वाढता कळप उतरणीला लागतो तो असा.

दुसरी गोष्ट. चढउतार दिसले की लगेच हवामानाकडे बोट दाखवू नये. काही झोके कळप स्वतःच तयार करतो. पुढच्या वर्षीची संख्या काढायचं एक सोपं समीकरण आहे: या वर्षीची संख्या गुणिले ई चा (गणितातला स्थिरांक, सुमारे २.७१८) घात, आणि घातांकात वाढीचा दर गुणिले (१ वजा संख्या भागिले वहनक्षमता, म्हणजे ती जागा जेवढे प्राणी पोसू शकते ती संख्या). वहनक्षमता १००० धरा, सुरुवात ३०० पासून करा.

वाढीचा दर ०.५ असेल तर: ३००, ४२६, ५६७, ७०४, ८१७... शांतपणे हजाराकडे जाते.
वाढीचा दर २.७ असेल तर: ३००, १९८६, १३९, १४१९, ४५८...

दुसऱ्या ओळीत ना दुष्काळ आहे, ना रोग, ना शिकार. प्रजननाचा वेग जास्त आणि गर्दीची शिक्षा एक पिढी उशिरा मिळणारी, एवढंच. कीटकांत आणि लहान सस्तन प्राण्यांत हे लक्षात ठेवावं लागतं. हत्तीसारख्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्यात असे उड्या मारणारे आकडे आले तर आधी गणनेची पद्धत तपासावी, कारण हत्तीण एका वर्षात कळप दुप्पट करू शकत नाही.

रानखूण

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. इथेच निम्मे घोळ होतात, म्हणून मोजणीबद्दल सविस्तर लिहिते.

पहिला घोळ: 'दिसले' आणि 'आहेत' यांतला फरक. मागच्या वर्षी १०० दिसले, यंदा ७०. तीस टक्के घट? मागच्या वर्षी एखादा प्राणी दिसण्याची शक्यता ०.५ होती आणि यंदा गवत उंच असल्याने ०.३५, तर दोन्ही वर्षी प्राणी २००च आहेत. दिसण्याची शक्यता वेगळी मोजली नसेल तर दोन वर्षांची तुलना करूच नये.

खुणा करून पुन्हा पकडण्याची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते, पण ती कुठे दगा देते हे माहीत नसतं. पहिल्या फेरीत ६० प्राणी पकडून खूण केली. दुसऱ्या फेरीत ५० पकडले, त्यांत १४ खुणेचे निघाले. अंदाज काढताना तिन्ही आकड्यांत एकेक मिळवायचा: ६१ गुणिले ५१ भागिले १५, वजा १. उत्तर सुमारे २०६. एकेक मिळवतात कारण साधा गुणाकार-भागाकार लहान नमुन्यात फुगीर उत्तर देतो.

आता बिघाड:

पिंजऱ्याला बिचकलेला प्राणी पुन्हा येत नाही. खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज फुगतो. उलट, आमिषाला चटावलेला उंदीर रोज येतो, खुणेचे जास्त सापडतात आणि अंदाज घसरतो. यावर उपाय म्हणजे पहिले दोन-तीन दिवस पिंजरे उघडे ठेवून आमिष टाकणं, म्हणजे सगळेच सरावतात. शक्य असेल तर दुसरी फेरी वेगळ्या मार्गाने करावी, जसं की पकडण्याऐवजी कॅमेऱ्याने.

बिल्ला गळतो. गळलेला प्राणी बिनखुणेचा मोजला जातो आणि अंदाज पुन्हा फुगतो. दोन्ही कानांत एकेक बिल्ला लावा. एक गळण्याची शक्यता दहा टक्के असेल आणि दोन्ही बिल्ले एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही गळण्याची शक्यता एक टक्का. शिवाय एकच बिल्ला उरलेले प्राणी किती सापडले यावरून गळतीचा दरही काढता येतो.

दोन फेऱ्यांमध्ये फार दिवस गेले की नवीन पिल्लं आणि बाहेरचे प्राणी मिसळतात. मग उत्तर नेमकं कोणत्या दिवसाच्या संख्येचं, हेच सांगता येत नाही.

आणि ज्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं ते म्हणजे अभ्यासाची जागा निवडणं. जिथे प्राणी भरपूर दिसतात तिथेच अभ्यास सुरू होतो, म्हणजे शिखरावरच्या वर्षी आणि शिखरावरच्या जागी. त्यानंतर घट दिसणं जवळजवळ ठरलेलंच असतं. अशी 'घट' खरी मानण्याआधी मुद्दाम चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, रिकाम्या वाटणाऱ्या जागाही मोजणीत हव्यात.

अंकगणिती

@रानखूण, यात एक जोडतो. मोजणीतली चूक स्वतःच 'गर्दीचा लगाम' असल्याचा भास निर्माण करते. या वर्षी चुकून जास्त मोजले तर पुढच्या वर्षी आकडा खाली येणारच. कमी मोजले तर वर जाणार. कागदावर दिसतं की जास्त संख्येनंतर घट आणि कमी संख्येनंतर वाढ, म्हणजे कळप स्वतःला सावरतो आहे. प्रत्यक्षात तो सावरत नसेलही. म्हणून मोजणीची चूक वेगळी अंदाजून समीकरणात घालावी लागते. त्यासाठी एकाच हंगामात एकापेक्षा जास्त वेळा मोजणं हाच सरळ उपाय आहे.

सांजवेळ

हे दोन्ही प्रतिसाद जपून ठेवण्यासारखे. मग ससे आणि लिंक्स (त्यांना खाणारं रानमांजर) यांचं संख्या वर-खाली होण्याचं जे प्रसिद्ध आवर्तन आहे, ते तर कातड्यांच्या व्यापाराच्या नोंदींवरून काढलेलं आहे ना? त्यावर कितपत विसंबायचं?

माळरान

आवर्तन खरं आहे, पण व्यापारी वह्या जपून वाचाव्या लागतात. हडसन्स बे कंपनीच्या नोंदींत सुमारे दहा वर्षांचा झोका स्पष्ट दिसतो. मात्र त्यातल्या काही दशकांत लिंक्स आधी वाढतात आणि ससे नंतर, म्हणजे जणू ससेच लिंक्सना खाताहेत! कारण सशांचे आणि लिंक्सचे आकडे एकाच प्रदेशातले नव्हते, आणि कातडी किती आली हे फासे लावणारे किती होते यावरही ठरत होतं.

म्हणून जंगलातला प्रयोग महत्त्वाचा. कॅनडातल्या युकॉनमध्ये क्लुआनी इथे १९८६ ते १९९४ या काळात एकेक चौरस किलोमीटरचे जंगलाचे तुकडे घेऊन चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली. काही तुकड्यांत सशांना जादा खाद्य दिलं, एकात विजेचं कुंपण घालून जमिनीवरचे शिकारी बाहेर ठेवले, एकात दोन्ही केलं. नुसतं शिकारी रोखल्यावर सशांची घनता सुमारे दुप्पट, नुसतं खाद्य दिल्यावर सुमारे तिप्पट आणि दोन्ही केल्यावर ११ पट.

दोन आणि तीनचा गुणाकार सहा. ११ कुठून आले? भुकेला ससा जास्त हिंडतो आणि उघड्यावर येतो, म्हणून जास्त मारला जातो. शिकाऱ्याला घाबरलेला ससा कमी खातो. दोन्ही ओझी एकमेकांना जड करतात, म्हणून दोन्ही एकदम काढली तर फायदा बेरजेपेक्षाच नव्हे, गुणाकारापेक्षाही जास्त होतो. 'अन्न की शिकारी' हा प्रश्नच चुकीचा होता, हे या प्रयोगातून कळलं.

तरी एक कोडं उरतं. पडझडीनंतर झुडपं पुन्हा वाढलेली असतात, लिंक्स उपासमारीने कमी झालेले असतात, तरीही ससे दोन ते चार वर्षं वाढत नाहीत. यातला एक धागा असा: शिकाऱ्यांनी गजबजलेल्या काळात माद्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक वाढलेलं असतं, अशा माद्यांना पिल्लं कमी आणि हलकी होतात आणि हा परिणाम पुढच्या पिढीतही रेंगाळतो. दहशत संपल्यावरही तिचा ठसा कळपात राहतो.

गुणसूत्र

इतका वेळ वाचत होतो. आता 'कोण उरलं' या भागाकडे वळतो, कारण उत्क्रांती तिथेच होते.

गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांवर काम केलं. १९७७ साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक बिया संपल्या, मोठ्या कठीण बिया उरल्या. मध्यम जमिनी फिंचची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घसरली. उरलेल्यांची चोच मेलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त जाड होती. कळपाची सरासरी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने सरकली.

पण लक्षात घ्या, इथपर्यंत झाली ती निवड. उत्क्रांती झाली की नाही, हे पुढच्या पिढीवर ठरतं. त्याचा हिशोब सोपा आहे: पिढीतला बदल = आनुवंशिकतेचं प्रमाण (प्राण्यांतल्या फरकाचा किती भाग जनुकांतून पुढे जातो) × निवडीचा फरक (तगलेल्यांची सरासरी वजा आधीच्या कळपाची सरासरी). चोचीच्या जाडीचं आनुवंशिक प्रमाण या पक्ष्यांत ०.७ च्या घरात धरलं, तर ०.५ मिमीचा फरक पिल्लांत सुमारे ०.३५ मिमी उतरायला हवा. १९७८ ची पिल्लं मोठी झाल्यावर चोच खरोखरच जाड निघाली. हेच प्रमाण ०.१ असतं तर एवढे पक्षी मरूनही पुढची पिढी जवळजवळ पूर्वीसारखीच आली असती.

पुढे १९८३ च्या एल निन्योच्या पावसाने बारीक बियांचा सुकाळ झाला आणि निवडीची दिशा उलटली. २००४-०५ च्या दुष्काळात तर आणखी वेगळं घडलं. तोवर बेटावर मोठ्या चोचीचा दुसरा फिंच स्थायिक झाला होता आणि मोठ्या बिया त्याच्याच ताब्यात गेल्या. या वेळी मध्यम फिंचमध्ये लहान चोचीवाले तरले. दोन्ही वेळी दुष्काळच होता, पण शेजारी बदलल्याने निवड उलट्या दिशेने गेली. 'हवामान असं बदललं की प्राणी तसा बदलतो' असे ठोकताळे बांधणाऱ्यांनी हे एक उदाहरण कायम समोर ठेवावं.

सांजवेळ

मग सोए मेंढ्यांचं काय? वाईट हिवाळ्यात लहान अंगाच्या मरत असतील तर कळप पिढ्यानपिढ्या मोठ्या अंगाचा व्हायला हवा.

गुणसूत्र

आणि झाला उलटा. १९८५ नंतरच्या दोन दशकांत मेंढ्या सुमारे ५ टक्क्यांनी लहान झाल्या. निवड मोठ्या अंगाच्या बाजूनेच होती, हे मोजलेलं आहे. मग?

हिवाळे सौम्य होत गेले. पूर्वी सावकाश वाढणारं कोकरू पहिल्या हिवाळ्यातच मरायचं, आता तरतं. म्हणजे चाळणीची भोकं मोठी झाली. जास्त कोकरं तरली म्हणून गर्दी वाढली आणि गर्दीत प्रत्येकाची वाढ मंदावली. त्यात आणखी एक: कोवळ्या वयात व्यायलेल्या मादीचं कोकरू, ती स्वतः जन्मली तेव्हा होती त्याहूनही हलकं असतं. या तिन्ही गोष्टींनी मिळून निवडीचा छोटा रेटा बुजवून टाकला. आकार घटण्यात मुख्य वाटा वातावरणाचा, जनुकांचा नाही.

म्हणूनच 'प्राणी लहान झाले, म्हणजे तापमानवाढीशी जुळवून घेण्यासाठी उत्क्रांत झाले' असं वाक्य कुठे वाचलं की थांबून विचारावं: उत्क्रांत झाले की फक्त उपाशी आहेत?

रानखूण

हे कसं ओळखायचं, तेही लिहा. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना ते हवं असतं.

गुणसूत्र

लिहितो. एकच प्राणी वेगळ्या परिस्थितीत वेगळा वागतो किंवा वेगळा वाढतो, ती लवचिकता. कळपातल्या जनुकांचं प्रमाणच बदललं, ती उत्क्रांती. वेगळं करायचे मार्ग असे.

सगळ्यांत सोपा म्हणजे एकाच मादीचा माग वर्षानुवर्षं ठेवणं. तीच मादी उबदार वर्षी लवकर आणि थंड वर्षी उशिरा वीत असेल, तर निदान तेवढा भाग लवचिकतेचा. युकॉनमधल्या तांबड्या खारींची विण्याची तारीख दहा वर्षांत सुमारे १८ दिवसांनी अलीकडे आली; त्यातला बहुतांश भाग असाच निघाला, थोडा वाटा जनुकीय होता.

दुसरा मार्ग सामायिक वातावरणाचा. दोन ठिकाणचे प्राणी एकाच खाद्यावर, एकाच तापमानात वाढवायचे. इथे चूक होते ती एकाच पिढीवर थांबण्याची. आईच्या पोटातला आणि अंड्यातला परिणाम पहिल्या पिढीत येतोच, म्हणून फरक दुसऱ्या पिढीत बघावा. त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पी माशांवर हे फार नीटपणे झालं आहे. मोठे शिकारी मासे असलेल्या डोहातले गप्पी लवकर वयात येतात आणि लहान पण पुष्कळ पिल्लं देतात. त्यांना धबधब्यावरच्या निर्धोक पाण्यात सोडल्यावर ११ वर्षांत, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांत, ते उशिरा वयात येऊ लागले आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्यांच्या वंशजांतही तो फरक टिकला.

मोठ्या प्राण्यांत असे प्रयोग जमत नाहीत. तिथे वंशावळ हाच आधार. कोण कोणाचं पिल्लू हे जनुकीय चाचणीने ठरवायचं. नुसतं 'या नराच्या शेजारी दिसलं' यावर बाप ठरवू नका; बाप चुकला की आनुवंशिकतेचं प्रमाण खोटं कमी दिसतं. उलट, भावंडं एकाच घरट्यात वाढली म्हणून सारखी असतील तर ते प्रमाण खोटं वाढतं. पक्ष्यांत यावर चांगला उपाय आहे: अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं दोन घरट्यांत अदलाबदल करून बघणं. पिल्लू जन्मदात्यांसारखं होतं की पोसणाऱ्यांसारखं, हे सरळ दिसतं.

माळरान

शिकारीमुळे शिंगं लहान होण्याचं उदाहरण इथे चपखल बसेल. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये रॅम माउंटनच्या बिगहॉर्न मेंढ्या. नियम असा की शिंगाचा वळसा ठराविक मापाचा झाला की नर मारायला परवानगी. ज्याचं शिंग झपाट्याने वाढतं तो कोवळ्या वयातच मापात बसतो आणि त्याला पुढे पिल्लं होण्याआधीच गोळी लागते. म्हणजे शिकारीने शिंगं उत्क्रांतीने आखूड केली.

अंकगणिती

@माळरान, इथे थोडं थांबा. त्याच काळात कळप विरळ ठेवण्यासाठी तिथल्या माद्या काढणं बंद झालं होतं, कळप दाटला होता आणि चारा कमी पडत होता. दाटीनेही शिंग आखूड होतं. २००३ च्या विश्लेषणात जनुकीय घट ठळक दिसली, पण पुढच्या फेरविश्लेषणांत तिचा वाटा पहिल्यापेक्षा बराच लहान निघाला. शून्य नाही, पण लहान. शिंगाच्या सगळ्या घटीचं खापर जनुकांवर फोडता येणार नाही.

माळरान

मान्य. माझं वाक्य असं दुरुस्त करतो: दाट कळपामुळे शिंगं बरीच आखूड झाली आणि शिकारीच्या निवडीने त्यात थोडी भर घातली. व्यवहारात हा फरक मोठा आहे. दाटी कमी केली की पहिला भाग काही वर्षांत भरून येतो. दुसरा भाग शिकार थांबवूनही लगेच भरत नाही, कारण मोठ्या शिंगाच्या बाजूची निवड तेवढी जोरकस नसते.

जिथे जनुकीय पुरावा पक्का आहे असं उदाहरण म्हणजे मोझांबिकमधल्या गोरोंगोसाचे हत्ती. १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात हस्तिदंतासाठी आणि मांसासाठी तिथले सुमारे ९० टक्के हत्ती मारले गेले. युद्धाआधी बिनसुळ्याच्या माद्या १८.५ टक्के होत्या, युद्धानंतर तगलेल्यांत ५०.९ टक्के. आणि युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही ३३ टक्के बिनसुळ्याच्या, म्हणजे बदल पुढच्या पिढीत उतरला.

गुणसूत्र

याचीच पुढची बाजू सांगतो, ती माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे. सुळे नसण्याचा हा गुणधर्म एक्स गुणसूत्रावर आहे. मादीत तो एकाच प्रतीने दिसतो आणि नर गर्भाला मारक ठरतो. म्हणून बिनसुळ्याच्या मादीच्या निम्म्या मुली बिनसुळ्याच्या निघतात आणि निम्मे मुलगे जन्मतच नाहीत. अशा माद्यांच्या पिल्लांत दोन माद्यांमागे एकच नर. म्हणजे शिकारीतून तरण्याची किंमत कळप प्रजननात मोजतो आहे. संख्या घटल्याने जनुकं बदलली आणि बदललेल्या जनुकांनी आता संख्येच्या वाढीचा वेग बदलला.

प्रयोगशाळेतही हे उघड दिसलं आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिरवं शेवाळ आणि त्यावर जगणारे चक्रधर (रोटिफर नावाचे सूक्ष्म जलचर) जीव एका पात्रात ठेवले. शेवाळाचा एकच वंश असेल तर नेहमीची आवर्तनं आली: खाद्य वाढतं, मग थोड्या अंतराने खाणारे. शेवाळाचे अनेक वंश मिसळले तर आवर्तनं लांबली आणि दोघांचे झोके जवळजवळ पूर्ण उलटे झाले, कारण खाणारे वाढले की खायला कठीण असा वंश शेवाळात बळावतो. नुसते संख्येचे आलेख बघणाऱ्याला हे शिकारी-भक्ष्याचं नातं आहे असं वाटलंच नसतं.

सांजवेळ

मग लहान उरलेल्या कळपाला उत्क्रांती वाचवू शकते का? की तोवर फार उशीर झालेला असतो?

गुणसूत्र

कधीकधी वाचवते. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा असतो: वातावरण बदललं की जुन्या घडणीचे मरतात आणि संख्या घसरते, त्याच वेळी नव्याला साजेसे वाढत असतात आणि काही पिढ्यांनी वक्र वर वळतो. प्रश्न एवढाच, की वळण्याआधी तळ शून्याला टेकतो का. सुरुवातीची संख्या मोठी, पिढी लहान, कळपात विविधता भरपूर आणि बदल टप्प्याटप्प्याने येणारा असेल तर आशा असते. उंदीर, मासे, कीटक यांना ही संधी आहे. २० वर्षांची पिढी असलेल्या प्राण्याला एका शतकात पाचच पिढ्या मिळतात.

अंकगणिती

आणि कळप दिसतो तेवढा मोठा नसतो. जनुकांच्या हिशोबाने परिणामकारक संख्या वेगळी काढावी लागते.

नर-मादीचं प्रमाण विषम असेल तर: ४ × नर × माद्या ÷ (नर + माद्या). प्रजनन करणारे १० नर आणि ९० माद्या असतील तर ३६००÷१०० = ३६. दिसतात १००, पण जनुकं टिकतात ३६ च्या हिशोबाने.

चढउतार असतील तर हरात्मक मध्य (आकड्यांच्या व्यस्तांची सरासरी काढून तिचा पुन्हा व्यस्त). पाच पिढ्यांचे आकडे १०००, १०००, ५०, १०००, १००० असतील तर साधी सरासरी ८१०, पण परिणामकारक संख्या सुमारे २०८. एका पिढीची घसरण चार पिढ्यांची सुबत्ता खाऊन टाकते. संख्या पुन्हा हजारावर गेली म्हणजे कळप सावरला, असं म्हणता येत नाही. गेलेली विविधता डोकी वाढून परत येत नाही.

रानखूण

बाहेरून आणता येते मात्र. फ्लोरिडातला पँथर (प्यूमा जातीचं मोठं मांजर) २०-३० वर आला होता. शेपटीला गाठ, नरांचे वृषण खाली न उतरणं, असे अंतःप्रजननाचे (जवळच्या नात्यातच वीण होण्याचे) दोष दिसत होते. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. दोष कमी झाले आणि पुढच्या दशकभरात संख्या सुमारे तिप्पट झाली. माद्या निवडल्या हे महत्त्वाचं. नवा नर आणला असता तर तो स्थानिक नरांशी भांडणात मरण्याची किंवा एकट्यानेच सगळं प्रजनन बळकावण्याची शक्यता जास्त.

आणि हा एकदाच करायचा उपाय नाही. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर १९९७ साली बर्फावरून एकच लांडगा आला. त्याचा वंश इतका फोफावला की काही वर्षांत बहुतेक सगळे त्याचेच नातेवाईक झाले आणि अंतःप्रजनन पुन्हा सुरू. २०१६ पर्यंत बेटावर दोनच लांडगे उरले आणि तेही बाप आणि मुलगी. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणावे लागले. १९८० साली तिथे ५० लांडगे होते. कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूने दोन वर्षांत ते १४ वर आले, पडझडीची सुरुवात तिथे झाली होती.

सांजवेळ

शेवटचा प्रश्न. मोठी मर झाल्यावर त्याच हंगामात नोंदींचं काम करायचं असेल तर सर्वांत आधी काय करावं? जिवंत मोजावे?

रानखूण

जिवंत नंतरही मोजता येतील. मेलेले आधी. काही आठवड्यांत गिधाडं, कोल्हे आणि पाऊस सगळं विखरून टाकतात.

ठरलेल्या पट्ट्यांत चाला, फक्त पाणवठ्याकाठी नको. नाहीतर आजारी प्राणी जिथे जाऊन पडतात तिथलेच मिळतील. प्रत्येक सांगाड्याचं ठिकाण, नर की मादी, बिल्ला असल्यास क्रमांक लिहा. खालचा जबडा काढून ठेवा, दाताच्या मुळाशी वर्षागणिक थर बसतात आणि कापून पाहिल्यावर वय कळतं. मांडीचं हाड फोडून मज्जा पाहा: पांढरट, घट्ट, चरबीची असेल तर प्राणी उपासमारीने गेला नाही; लाल, पातळ, लिबलिबीत असेल तर शेवटचा साठाही संपला होता. मात्र अगदी लहान पिल्लांची मज्जा मुळातच लालसर असते, त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका. जनुकांसाठी कानाचा किंवा स्नायूचा नखाएवढा तुकडा कडक अल्कोहोलमध्ये टाका. तुकड्याच्या किमान दहापट अल्कोहोल हवं आणि बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

मग जे तगले त्यांना धरून तीच मापं घ्या. तुलना वजनाची करू नका. उपाशी हंगामात सगळ्यांचंच वजन उतरलेलं असतं आणि मेलेल्याचं वजन तर अर्थहीन. मागच्या पायाच्या हाडाची किंवा जबड्याची लांबी घ्या, ती उपासमारीत आखडत नाही. आणि एका वयाच्या मेलेल्यांची त्याच वयाच्या तगलेल्यांशीच तुलना करा. नाहीतर पिल्लं जास्त मेली एवढ्यावरूनच 'लहान अंगाचे मेले' असं उत्तर येईल.

गुणसूत्र

आणि ते तुकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एका शीतकपाटाची वीज गेली की तो हिवाळा परत मोजता येत नाही.